वय सांगायचं, ओळख कशाला?

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूब अशा ठिकाणी खातं ठेवता येत नाही. या कायद्याने मुलांचं इंटरनेटच बंद झालं आणि चोरून खातं उघडलं तर आईवडिलांना दंड होतो, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात दंड फक्त कंपन्यांना आहे, तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलांना किंवा पालकांना कसलीच शिक्षा नाही. व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूब किड्स या बंदीत येत नाहीत, आणि खातं न उघडता यूट्यूब पाहायलाही मनाई नाही.

वयाची तपासणी मुलांचीच होते, हाही भ्रमच. समोरचा मूल आहे की नाही हे कळायला प्रत्येकालाच विचारावं लागतं. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून अश्लील संकेतस्थळांना वयाची खात्री करणं सक्तीचं झालं आणि चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांनाही पुरावा द्यावा लागू लागला. लगोलग तिथे आपलं ठिकाण लपवणाऱ्या व्हीपीएन अ‍ॅपची मागणी एकदम वाढली. तपासणी आली म्हणजे पळवाट बुजली, असं होत नाही.

सर्वांत घातक समजूत मात्र वेगळीच आहे: ओळखपत्र एकदा दाखवलं की विषय संपला. रेल्वेत टीसी ओळखपत्र पाहतो आणि परत देतो. ऑनलाइन व्यवहारात त्याची प्रत मागे राहू शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या कंपनीने जाहीर केलं की सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो परक्या हाती गेले असावेत. ग्राहकसेवेचं काम पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीत ही गळती झाली. आपलं वय चुकीचं ठरवलं गेलं, अशी तक्रार करण्यासाठी लोकांनी ते फोटो दिले होते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहरा आणि जन्मतारीख कशी बदलणार?

म्हणून तपासणीच नको, असं मात्र नाही. वय कळायला नाव कळावंच लागतं असं नाही. चेहऱ्यावरून वयाचा अंदाज बांधणारं तंत्र नावाशिवाय चालतं, फक्त पंधरा-सोळाच्या सीमेवर ते चुकू शकतं. ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने दोन अटी घातल्या आहेत: सरकारी ओळखपत्र हा एकमेव पर्याय ठेवायचा नाही, आणि वय तपासण्यासाठी घेतलेली माहिती काम झाल्यावर नष्ट करायची. बंदीविषयी मतभेद असू शकतात, पण या दोन अटी प्रत्येक देशाने घ्याव्यात अशाच आहेत.

भारतात अठरा वर्षांखाली समाजमाध्यमांवर बंदी आली, असंही बोललं जातं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तसं काही नाही. अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी, आणि त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं तो सांगतो. काही अपवाद वगळता हे मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. सात वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांची मुलगी यांना एकाच मापाने मोजणारी ही मर्यादा फार ढोबळ आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने मिळाले.

एखाद्या अ‍ॅपने मुलाचं आधार कार्ड मागितलं, तर दुसरा पर्याय आहे का आणि फोटो कधी पुसणार, हे आधी विचारा. उत्तर मिळालं नाही तर फोटो देऊ नका. आणि मुलाला कुणी ऑनलाइन त्रास देत असेल तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.