संगणकातले पाणी आणि त्याच्या पंपाची वीज

वीज आणि पाणी एकत्र येऊ देऊ नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली असते. तरीही काही हौशी मंडळी आपल्या घरच्या संगणकाच्या पेटीत मुद्दाम पाणी खेळवतात. ते पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाला वीज कुठून द्यायची, एवढाच आजचा विषय. प्रश्न दिसायला लहान. पण सबंध यंत्राची सुरक्षितता त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

मुळात पाणी कशासाठी? संगणकाचा प्रोसेसर आकाराने इवलासा, पण जोरात काम करू लागला की एखादा २०० वॉटसुद्धा वीज खातो, आणि ती जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. ही उष्णता वाहून नेण्यात हवा फार दुबळी. एक लिटर हवा एक अंशाने तापवायला सुमारे १.२ ज्यूल उष्णता पुरते. एक लिटर पाण्याला सुमारे ४,१८० ज्यूल लागतात! म्हणून प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवून त्यातून पाणी नेतात. तापलेले पाणी नळीने रेडिएटरकडे जाते, तिथे पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि पुन्हा ठोकळ्याकडे येते. मोटारगाडीच्या इंजिनात चालते तेच हे चक्र. आयबीएमचे काही मोठे संगणक १९६० च्या दशकातच पाण्यावर थंड होत असत.

आता थोडा हिशेब करू. पंप मिनिटाला एक लिटर पाणी फिरवत असेल, तर २०० वॉटच्या उष्णतेने ठोकळ्यातून जाणारे पाणी जेमतेम तीन अंशांनी तापते. पण समजा, पंप थांबला. ठोकळ्यात ५० ग्रॅम पाणी अडकले आहे असे धरले, तर ते दर सेकंदाला जवळजवळ एक अंशाने तापू लागेल. म्हणजे मिनिटाभरात उकळीच्या उंबरठ्यावर! सुदैवाने आजचे प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचले की आपला वेग कमी करतात, आणि तरी भागले नाही तर यंत्रच बंद पाडतात. यंत्र वाचते, पण आपले हातातले अर्धवट काम मात्र गेलेच म्हणून समजा.

पूर्वी हौशी लोक मासे पाळण्याच्या टाकीतला पंप यासाठी वापरीत. तो चाले घरच्या २३० व्होल्ट विजेवर. त्याचा खटका वेगळा, संगणकाचा वेगळा. एक लावला नि दुसरा राहिला, की घोटाळा! यावर तोड म्हणून रिले वापरीत. संगणक सुरू झाला, की त्याच्या १२ व्होल्टच्या विजेने रिलेतला चुंबक जागा होई आणि तोच पंपाचा खटका ओढी. हल्लीचे पंप थेट १२ व्होल्टच्या एकदिश विजेवरच चालतात. त्यामुळे संगणक आणि पंप एकाच पॉवर सप्लायवर, एकदमच सुरू आणि एकदमच बंद. घरची वीज गेली तरी काळजी नाही. पंपाबरोबर उष्णतेचा उगमही थांबतो.

पण ही वीज कुठून घ्यायची, इथेच पुष्कळांची गल्लत होते. मदरबोर्डवर पंख्यांसाठी पिना असतात. त्या साधारणतः एक अँपिअर, म्हणजे १२ वॉटपुरत्याच असतात. डी५ जातीचा पंप मात्र पुऱ्या वेगात सुमारे २३ वॉट, म्हणजे जवळजवळ दोन अँपिअर ओढतो. दुप्पट ओझे! म्हणून अशा पंपाला वीज द्यावी ती सरळ पॉवर सप्लायमधून. त्याच्या जुन्या चार तारांच्या जोडणीत पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि दोन काळ्या परतीच्या. पंपाला हवी पिवळी आणि तिच्या शेजारची काळी.

मग मदरबोर्डचा उपयोग काय? तो निरोपापुरता. पंपाची एक बारीक तार त्याचे फेरे मदरबोर्डला कळवते, आणि वेग बदलता येणारा पंप असेल तर दुसरी तार त्याला हुकूम देते. फेऱ्यांची तार प्रोसेसरच्या पंख्याच्या पिनांना जोडावी. पंप थांबला तर पुष्कळ मदरबोर्ड तसा इशारा देतात. वीज एकीकडून आणि देखरेख दुसरीकडून, ही व्यवस्था ध्यानात ठेवावी.

शेवटी एक खबरदारी. प्रथम पाणी भरताना बाकीच्या भागांची वीज तोडून एकटा पंप चालवावा. पॉवर सप्लायची मोठी जोडणी मदरबोर्डवरून काढून तिच्यातली हिरवी तार काळीला जोडली, की तो सुरू होतो. त्यासाठी तयार टोपणही बाजारात मिळते. सांध्यांखाली कागद पसरून काही तास पाहावे. कागद कोरडा राहिला, तरच पुढे जावे. मात्र पंप कोरडा कधी फिरवू नये. त्याच्या आतल्या फिरत्या भागाला वंगण असते ते पाण्याचेच.