दुसरा लॉगर हवाच!

इंजिन नसलेले विमान आकाशात उडवायचे, वर चढणाऱ्या गरम हवेचा अंदाज घेत दोनतीनशे किलोमीटर कापायचे आणि पुन्हा निघालो तिथेच उतरायचे. हा खेळ म्हणजे ग्लायडिंग. पुण्याजवळच्या हडपसर ग्लायडिंग सेंटरचे नाव अनेकींनी ऐकलेही असेल. महिलांची पहिली जागतिक ग्लायडिंग स्पर्धा २००१ मध्ये लिथुआनियात झाली.

या स्पर्धेत पंच काही आकाशात नसतात. मग वळणबिंदू गाठला हे कोण सांगणार? पूर्वी वैमानिक वरून फोटो काढायच्या. आता लॉगर हे छोटे यंत्र जीपीएसवरून जागा, उंची आणि वेळ नोंदवत राहते. उतरल्यावर ती फाइल ठरलेल्या वेळात द्यायची. फाइल नाही तर गुण नाहीत! पाच तास उन्हात घाम गाळला, तो वाया. म्हणून दुसरा लॉगर. घरात भरलेला सिलिंडर जास्तीचा ठेवतो ना, तसाच.

तो स्वस्तात कसा मिळवायचा? आधी विमानात काय बसवलेले आहे ते बघा. टक्कर टाळण्यासाठी 'फ्लार्म' नावाचे यंत्र बऱ्याच ग्लायडरमध्ये असते आणि त्याच्या काही प्रकारांत मान्यताप्राप्त लॉगरही असतो. तसा असेल तर खर्च वाचलाच. नसेल तर आंतरराष्ट्रीय ग्लायडिंग आयोगाच्या, म्हणजे आयजीसीच्या, मान्य यादीत नाव शोधून मगच पैसे काढा. मोबाइलवरचे 'एक्ससीसोर' फुकट आहे, नोंदही करते. पण मोठ्या स्पर्धेत ती चालत नाही. क्लबच्या छोट्या स्पर्धेत चालेल का, हे तिथले नियम वाचून ठरवा.

माझ्या मते किमतीपेक्षा बॅटरी महत्त्वाची. दोन्ही लॉगर विमानाच्या एकाच बॅटरीवर असतील तर ती बसली की दोन्ही गेले. दोन शेगड्या आणि सिलिंडर एकच, त्यातला प्रकार! दुसऱ्याला स्वतःची बॅटरी हवी आणि ती दिवसभराचे उड्डाण संपेपर्यंत पुरायला हवी. अँटेनाही काचेखाली, आकाश दिसेल अशी ठेवायची, कारण कार्बन फायबरच्या आड जीपीएसचा सिग्नल अडतो.

नोंद किती सेकंदांनी होते तेही विचारा. ताशी १५० किलोमीटर वेगात ग्लायडर सेकंदाला सुमारे ४२ मीटर जातो. नोंद २० सेकंदांनी झाली तर मधले आठशे मीटर कोरेच. वळणबिंदूभोवतीचे वर्तुळ बहुधा अर्ध्या किलोमीटर त्रिज्येचे असते. त्याच्या कडेला जेमतेम शिवून आलेल्या मुलीचा तो बिंदू नोंदीतून निसटू शकतो.

जुना लॉगर घ्यायला हरकत नाही, पण जुने शिलाई मशीन घेताना चालवून बघतो तसे बघा. उघड्यावर सुरू करून आजची तारीख बरोबर दाखवतो का? जीपीएसची आठवड्यांची मोजणी १०२४ झाली की शून्यावर येते. एप्रिल २०१९ मध्ये तसे झाले आणि काही जुनी यंत्रे भलतीच तारीख दाखवू लागली. दुसरे म्हणजे आतली छोटी बॅटरी. ती संपली की बऱ्याच यंत्रांची सुरक्षा-खूण पुसली जाते. मग फाइल तयार होते, पण तपासणीत अमान्य ठरते आणि यंत्र कंपनीकडे पाठवून पुन्हा सील करून आणावे लागते. हा खर्च विकणारा सहसा सांगत नाही, तेव्हा घेण्याआधी एक फाइल तपासून मागा आणि मगच भाव करा.