शर्यतपटू आणि त्याची कीर्ति

पुण्याहून नगरच्या वाटेनें निघालें म्हणजे खराडी मागें पडल्यावर वाघोली लागते. पिलाजीराव जाधवरावांचें गांव, वाघेश्वराच्या देवळाचें गांव, ही तिची जुनी ओळख. २०२१ सालीं हें गांव पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें, आणि आज नित्य जाणारायेणारास तिची पहिली ओळख पटते ती रस्त्यावरील वाहनांच्या दाटीवरून. ह्या दाटींत अभियांत्रिकी महाविद्यालयांतील तरुणांच्या दुचाकी गाड्या पुष्कळ असतात. ज्या वाहनाला आपले आजोबा ‘फटफटी’ म्हणत, त्याच्या शर्यती जगभर होतात, आणि त्या शर्यतींतील वीरांचीं नांवें ह्या तरुणांपैकीं कित्येकांना मुखोद्गत असतात. घरांतील वडील मंडळींना मात्र तीं नांवें बहुधा ठाऊक नसतात. त्यांपैकीं एका वीराचा परिचय आज श्रोत्यांस करून द्यावयाचा आहे. त्याचें नांव केसी स्टोनर. त्यानें मिळविलेल्या विजयांपेक्षां त्यानें नाकारलेली कीर्तिच येथें अधिक विचार करण्यासारखी आहे.

स्टोनरचा जन्म १६ ऑक्टोबर १९८५ रोजीं ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत झाला. चार वर्षांचा असतांनाच तो मातीच्या धांवपट्टीवर मोटारसायकलच्या शर्यतींत उतरला. डांबरी रस्त्यावरील शर्यतींत भाग घेण्यास त्याच्या देशांत सोळा वर्षांची अट होती. मुलगा चौदा वर्षांचा झाला तेव्हां आईबापांनीं घरचें सामानसुमान विकलें आणि तीं त्याला घेऊन इंग्लंडांत राहावयास गेलीं. घरादारावर पाणी सोडून मुलाच्या गुणावर सर्वस्व लावणारे पालक आपल्याकडे तालमींत आणि संगीतांत पाहावयास मिळतात. हें त्याच जातीचें धाडस होतें.

ह्या कथेचा पुण्याशींही एक धागा आहे. वाघोलीच्या रस्त्यावर ज्या नारिंगी रंगाच्या केटीएम गाड्या दिसतात, त्या मूळच्या एका ऑस्ट्रियन कंपनीच्या. पुण्याच्या बजाज ऑटोनें २००७ सालीं तिच्यांत भागीदारी घेतली आणि पुढें त्या गाड्या चाकणला तयार होऊं लागल्या. ह्या केटीएमला जागतिक शर्यतमालेंतील १२५ सी.सी. वर्गाचा पहिला विजय २००४ सालीं मलेशियांत मिळाला, आणि तो मिळवून देणारा स्वार होता अठरा वर्षांचा स्टोनर. पुढें २००७ सालीं, एकविसाव्या वर्षीं, डुकाटी ह्या इटालियन कंपनीच्या गाडीवर त्यानें सर्वोच्च वर्गाचें, म्हणजे मोटोजीपीचें, जगज्जेतेपद जिंकलें. ह्या वर्गांत डुकाटीला लाभलेलें तें पहिलेंच जगज्जेतेपद. २०११ सालीं होंडाच्या गाडीवर त्यानें तें दुसऱ्यांदा मिळविलें, तेंही मायदेशीं फिलिप आयलंडच्या धांवपट्टीवर आणि आपल्या सव्विसाव्या वाढदिवशीं.

इतकें ऐकल्यावर असा मनुष्य लोकांच्या गळ्यांतील ताईत झाला असेल, असें कोणासही वाटेल. प्रत्यक्षांत तसें घडलें नाहीं. त्याची करामत लोकांनीं पाहिली, परंतु पुष्कळांनीं त्याला सदा कुरकुरणारा, रुक्ष, माणूसघाणा ठरविलें. असें कां झालें, हें समजण्यासाठीं आजच्या शर्यतपटूचें काम कोणतें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

शर्यत साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटें चालते. सरळ पट्टीवर गाडी ताशीं ३०० किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवते, आणि वळणावर ती इतकी कलते कीं स्वाराचा गुडघा व कोपर जमिनीस घांसतात. हें झालें त्याचें एक काम. दुसरें काम धांवपट्टीबाहेर असतें. शर्यतीआधीं पत्रकार परिषद, प्रत्येक सरावानंतर वार्ताहरांच्या प्रश्नांचा भडिमार, पुरस्कर्त्यांच्या पाहुण्यांना भेटी, चाहत्यांना स्वाक्षऱ्या, छायाचित्रें, चित्रफिती. ह्या खेळाला लागणारा अफाट पैसा गाड्या विकणाऱ्या आणि जाहिराती करणाऱ्या कंपन्यांकडून येतो. त्यांना नुसता वेगवान स्वार पुरत नाहीं. लोकांनीं ज्याच्याकडे पाहत राहावें, असा चेहरा त्यांना हवा असतो.

आपल्याकडे पूर्वीं ह्या दोन कामांची वांटणी होती. पराक्रम वीरानें करावा आणि पोवाडा शाहिरानें गावा. पिलाजीरावांसारख्या सरदारानें घोडदौड केली म्हणजे त्याचें कर्तव्य संपलें. रात्रीं डफ घेऊन स्वतःची थोरवी गाण्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. आजच्या शर्यतपटूनें मात्र दिवसा वीर व्हावें आणि सायंकाळीं स्वतःचा शाहीर व्हावें, अशी अपेक्षा असते.

हीं दोन्ही कामें एकाच देहानें उत्तम करणारा पुरुष त्याच काळांत होऊन गेला. त्याचें नांव व्हॅलेंटिनो रॉसी. हा इटालियन वीर तर होताच, पण विजयानंतर धांवपट्टीवरच नाना सोंगें करून तो प्रेक्षकांना हंसवी. त्याचा पिवळा रंग आणि ४६ हा अंक धारण केलेले चाहते देशोदेशीं मैदानें भरून टाकीत. लोकांनीं त्याला खेळाडू म्हणून मानलें आणि घरच्या लाडक्या मुलासारखें वागविलें. अशा माणसाला हरवून स्टोनर पुढें आला, हीच त्याची पहिली अडचण झाली. नाटकांतील आवडत्या नायकाला जो पाडतो, त्याला प्रेक्षक आपोआप खलनायक समजतात.

२००७ सालच्या विजयानंतर अनेकांनीं सांगितलें कीं हा पराक्रम माणसाचा नसून यंत्राचा आहे. गाडीचें इंजिन, टायर आणि विजेचीं उपकरणें ह्यांनीं तो जिंकला. ह्या मताची परीक्षा पुढें काळानेंच घेतली. २०११ सालीं स्टोनर होंडाकडे गेला आणि त्याच्या जागीं डुकाटीवर खुद्द रॉसी आला. दोन वर्षांत रॉसीला त्या गाडीवर एकही शर्यत जिंकतां आली नाहीं. डुकाटीला आपला दुसरा जगज्जेता मिळण्यास २०२२ साल उजाडावें लागलें. ज्या गाडीला लोक श्रेय देत होते, तिला वश करणारा हात कोणाचा होता, हें तेव्हां उमगलें. परंतु ज्याला श्रेय द्यावयाचें तो तोपर्यंत मैदान सोडून गेला होता.

त्याहून कठोर प्रसंग २००९ चा. त्या वर्षीं स्टोनरला शर्यत संपेपर्यंत अंगांत त्राण राहीनासें झालें. वैद्यांना निश्चित निदान होईना. अखेर तीन शर्यती सोडून तो मायदेशीं परतला. तेव्हां ‘हा खचला, ह्याचें मन दुबळें आहे’ अशी कुजबुज सुरू झाली. तो परत आला तो दुसऱ्या क्रमांकानें, आणि लगेच पुढील दोन शर्यती त्यानें जिंकल्या. दुधांतील शर्करा त्याच्या शरीरास पचत नाहीं, असें पुढें निष्पन्न झालें. हाड मोडलें असतें तर सर्वांनीं सहानुभूति दाखविली असती; न दिसणाऱ्या दुखण्याला मात्र पुरावा मागण्यांत आला. आपल्या घरोघरींही हाच अनुभव नाहीं काय?

ह्याचा अर्थ स्टोनर निर्दोष होता असा नव्हे. त्याच्या जिभेला मुरड नव्हती. २००८ सालीं अमेरिकेंतील लगुना सेका येथें रॉसीनें आडदांडपणें ओलांडून त्याला हरविलें, तेव्हां त्यानें आपली नाराजी जराही लपविली नाहीं. २०११ सालीं स्पेनमध्यें पावसांतील शर्यतींत रॉसी घसरला व आपल्याबरोबर स्टोनरलाही घेऊन पडला. रॉसी डोक्यावरील हेल्मेटही न काढतां क्षमा मागावयास आला, तेव्हां त्याची महत्त्वाकांक्षा त्याच्या कुवतीहून मोठी ठरली, असें स्टोनरनें त्याला सर्वांसमक्ष ऐकविलें. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें सरावांत वाट अडविणाऱ्या एका स्वाराच्या खांद्यावर चालत्या गाडीवरून हात उगारल्याबद्दल त्याला पांच हजार युरो दंड झाला. हें वर्तन कोणी आदर्श म्हणणार नाहीं. परंतु त्याच्या रागांत बनाव नव्हता, आणि हंसूं न आल्यास हंसून दाखविण्याची विद्या त्यानें कधीं शिकली नाहीं.

१७ मे २०१२ रोजीं, जगज्जेता असतांनाच, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षीं त्यानें जाहीर केलें कीं ह्या वर्षाअखेर मीं निवृत्त होणार. खेळ ज्या दिशेनें चालला आहे ती मला रुचत नाहीं आणि पूर्वींची गोडी उरली नाहीं, असें कारण त्यानें दिलें. त्याच वर्षीं त्याच्या घरीं कन्यारत्न झालें होतें. ऑगस्टमध्यें घोट्याला जबर दुखापत होऊन तीन शर्यती हुकल्या, तरी ऑक्टोबरांत फिलिप आयलंडला येऊन त्यानें तेथील शर्यत ओळीनें सहाव्यांदा जिंकली. तेथील तिसऱ्या वळणाला त्याचें नांव देण्यांत आलें. सर्व वर्ग मिळून ४५ विजय पदरीं घेऊन तो घरीं गेला. पुढें कांहीं वर्षें त्यानें कंपन्यांसाठीं गाड्यांची चाचणी घेण्याचें काम केलें. गाडीचें प्रेम आटलेलें नव्हतें; नकोसा झाला होता तो भोंवतालचा बाजार.

अलीकडच्या काळांत त्यानें स्वतःच सांगितलें आहे कीं त्या वर्षांत त्याला तीव्र चिंतेचा विकार जडला होता, आणि आपल्याला होतें त्याला असें नांव आहे हेंही त्याला तेव्हां ठाऊक नव्हतें. सराव जितका चांगला होई तितकी त्याची अस्वस्थता वाढे. कारण आतां जिंकलेंच पाहिजे, असें ओझें मनावर बसे. ज्याला लोक उद्धट समजत होते, तो पुष्कळदां केवळ घाबरलेला होता.

मराठींत ‘प्रसिद्धिपराङ्मुख’ असा एक आदराचा शब्द आहे. एखादा संशोधक किंवा समाजसेवक सभासंमेलनें टाळूं लागला कीं हा शब्द आपण त्याच्या नांवामागें गौरवानें लावतों. मग खेळाडूनें तेंच केलें तर त्याला आढ्यताखोर कां म्हणावें? याचें उत्तर बहुधा आपल्या कुस्तीच्या फडांत सांपडेल. जिंकलेला पैलवान फडाभोंवतीं फेरी मारतो आणि लोक त्याला इनाम देतात. ही फेरी म्हणजे प्रेक्षकांचा हक्क, असें आपण मानीत आलों आहों. फेरी न मारतां जो पैलवान निघून जाईल, त्यानें आपला अपमान केला असें फडाला वाटतें. स्टोनरनें कुस्ती मारली, पण फेरी मनापासून मारली नाहीं. आणि जगानें त्याच्यावर राग धरला तो त्या फेरीसाठीं.

लोकांच्या लहरीची दुसरी बाजू महाराष्ट्रानें पाहिली आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव ह्यांनीं १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकांत कुस्तीचें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें वैयक्तिक खेळांतील तें पहिलें पदक. त्यांनीं पुढें पोलिसखात्यांत नोकरी केली, आणि १९८४ सालीं अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर. एकाला लोकांनीं विसरून दुखविलें, दुसऱ्याला सतत न्याहाळून. दोन्हीकडे उणीव एकच: मनुष्याचें काम काय आणि त्याचें मोल काय, हें शांतपणें पाहण्याची संवय आपणांस नाहीं.

हा प्रश्न दूरदेशींचा राहिलेला नाहीं. २०२३ च्या सप्टेंबरांत दिल्लीजवळ मोटोजीपीची शर्यत झाली आणि तें वेड आतां आपल्या दारांत आलें आहे. शिवाय आज प्रत्येक तरुणाच्या खिशांत कॅमेरा आहे. गाडीचें पुढचें चाक हवेंत उचलून भर रस्त्यावर केलेल्या कसरतींच्या चित्रफिती मुलें स्वतःच काढतात आणि जगाला दाखवितात. पराक्रम होण्याआधींच पोवाडा तयार! नगर रस्त्यासारख्या गजबजलेल्या वाटेवर ह्या पोवाड्याची किंमत प्राणांनीं मोजावी लागते. आणि ती नेहमीं गाणाऱ्यालाच मोजावी लागते असेंही नाहीं.

म्हणून ज्या घरांत मुलाला गाडीचें वेड आहे, तेथें वडीलधाऱ्यांनीं ह्या ऑस्ट्रेलियन तरुणाची गोष्ट अवश्य सांगावी. वेगाला जागा धांवपट्टीवर आहे, तो वर्षानुवर्षांच्या मेहनतीनें साधतो, आणि टाळ्या हें त्याचें माप नव्हे, हें त्यांत आहे. त्याबरोबर स्वतःसाठींही त्यांतून एक गोष्ट घ्यावी. मुलानें बक्षीस आणलें म्हणजे पाहुण्यांसमोर त्याला उभा करून ‘सांग बघूं कसें जिंकलास तें’ असा आग्रह आपण धरतों. एखादा मुलगा आनंदानें सांगेल. त्याला सांगूं द्यावें. एखादा मान खालीं घालून आंत निघून जाईल. त्यालाही जाऊं द्यावें, आणि तो उद्धट आहे असें पाहुण्यांना सांगूं नये.