युक्तिवादाला बळ देणारा पर्याय कसा ओळखायचा?

बडोद्याजवळच्या पादऱ्यात क्लॅट या कायद्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी खास लिहितोय. 'खालीलपैकी कोणते विधान युक्तिवादाला बळ देते?' या प्रश्नात मार्क जातात ते बहुतेक एकाच चुकीने: खरा वाटणारा पर्याय उचलला जातो. इथे सगळे पर्याय खरे मानूनच चालायचं. बघायचं एवढंच, की कोणत्या पर्यायामुळे निष्कर्ष जास्त पटतो.

आपल्याच जुन्या संस्थानातलं उदाहरण घेऊ. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते सगळ्या बडोदा संस्थानात, म्हणजे पादऱ्यातही, लागू केलं. आता सरावापुरता युक्तिवाद रचू: 'प्रयोगाच्या गावांत पट वाढला, म्हणजे सक्ती कामी आली.'

आधी या युक्तिवादातली फट शोधा. पट दुसऱ्याच कारणाने वाढला नसेल कशावरून? पीकपाणी चांगलं झालं असेल, शाळा जवळ आली असेल.

'महाराजांना शिक्षणाची तळमळ होती' हे खरं आणि मनाला भिडणारंही. पण फट तशीच राहते. 'त्याच वर्षांत सक्ती नसलेल्या, बाकी तशाच गावांत पट वाढला नाही' हा पर्याय घ्या. त्याने दुसऱ्या कारणाची शंका कमी होते, म्हणजे फट बुजत जाते. निष्कर्ष पुरता सिद्ध होत नाही, पण तेवढं मागितलेलंच नाही.

आणि 'सर्व', 'नेहमी' असे शब्द दिसले की पर्याय सोडू नका! ते पथ्य निष्कर्ष काढण्याच्या प्रश्नांचं. इथे मुद्द्याला धरून असलेलं ठाम विधान उलट जास्त बळ देतं.