सार्क, साफ्टा आणि आपली हळद

वसमतच्या मोंढ्यात हळदीची बोली सुरू झाली की शेतकरी, आडत्या, हमाल, हळद घोळणारा कारागीर या सर्वांचे डोळे भावाकडे लागतात. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु भाव केवळ मोंढ्यात ठरत नाही. बांगलादेश हा भारतीय हळदीचा मोठा ग्राहक आहे. म्हणून ‘सार्क’चा कारभार हिंगोली जिल्ह्यातील व्यापाऱ्यानेही समजून घेतला पाहिजे.

८ डिसेंबर १९८५ रोजी ढाका येथे सात देशांनी सार्कची स्थापना केली. २००७ मध्ये अफगाणिस्तान आठवा सदस्य झाला. २००६ पासून ‘साफ्टा’ करार लागू झाला. माल याच देशात पिकला वा बनला, असा मूळ प्रमाणपत्राचा दाखला दिला की कमी जकातीची सवलत मिळते. मात्र प्रत्येक देशाने सवलतीतून वगळलेल्या वस्तूंची यादी वेगळी ठेवली आहे.

सवलतीला दुसरी बाजूही आहे. २०११ मध्ये भारताने सर्वांत मागास सदस्य देशांच्या बहुतेक मालावरील जकात उठवली. त्यामुळे बांगलादेशी तयार कपडे आपल्या शिलाई कारागिरांशी स्पर्धा करू लागले.

मग संघटना अडली कोठे? सनदेनुसार निर्णय एकमतानेच घ्यावा लागतो. दोन देशांतील वाद तेथे मांडताही येत नाहीत. पण त्याच वादांनी काम थांबते. नोव्हेंबर २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर शिखर परिषद झालेली नाही. २०१६ ची इस्लामाबाद परिषद रद्द झाली आणि २०१९ मध्ये भारत-पाकिस्तान व्यापारही बंद पडला. सार्क देशांचा आपसातील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या सुमारे पाच टक्केच आहे. आसियान देशांत हेच प्रमाण वीस टक्क्यांहून अधिक आहे. गरीब देशांची तिजोरी जकातीवर चालते, शेजाऱ्यांकडे पिकतो तो मालही बराचसा सारखाच, आणि सीमेवर ट्रक दिवसेंदिवस खोळंबतात. १९९७ च्या ‘बिमस्टेक’चा मुक्त व्यापाराचा आराखडा २००४ मध्ये ठरला; तोही रेंगाळला.

सरकारांची दिलजमाई आपल्या हाती नाही, तयारी आहे. आयात-निर्यात क्रमांक काढावा, मालाची प्रत आणि ओलावा तपासावा, लहान व्यापाऱ्यांनी मिळून माल पाठवावा, एकाच देशावर विसंबू नये. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश कुरआनने दिला आहे. सौदा तोंडी ठेवू नये. सार्ककडे लिखित करार आहे, पाळण्याची इच्छा कमी पडते. आपल्या व्यवहारात दोन्ही असावीत.