लोखंड कापण्याआधी कागद घ्या



बैल विकत घ्यावयाचा म्हटले की आपण काय काय पाहतो? दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो, जाणत्या पाहुण्याला सोबत नेतो. पण तोच शेतकरी एखादे अवजार करून घ्यावयाला वर्कशॉपमध्ये जातो, तेव्हा “अमक्याच्या मळ्यात आहे तसेच करून दे” एवढे सांगून मोकळा होतो. अवजार घरी येते, हंगामात दोन दिवस चालते आणि मग गोठ्यामागे गंजत पडते. आपल्या हिंगोली जिल्ह्यात अशी पडीक लोखंडे किती गोठ्यांमागे आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

दुसऱ्याला नावे ठेवण्याआधी माझीच चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी मोठ्या हौसेने चाकाचे एक हातकोळपे करून घेतले. लोहाराच्या दारातच चालवून पाहिले. झकास चालले. पण शेतात ते मी चालवणार नव्हतो, बायका चालवणार होत्या. दांडी माझ्या मापाची. ती त्यांच्या खांद्यापाशी येई. हात वर धरून धरून दंड भरून येत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते बांधाला टेकवले आणि आपली खुरपी हातात घेतली. त्यांतली एक आजी म्हणाली, “साहेब, करताना आमाला एकदा उभं करून पाह्यलं असतं तर?” मला उत्तर सुचले नाही. आजचा हा लेख म्हणजे त्या आजीला उशिरा दिलेले उत्तर समजा.

यंत्र कसे योजावे याचेही एक शास्त्र आहे. १९७७ साली जर्मनीत गेरहार्ड पाल आणि वोल्फगांग बाइट्झ या दोन अभियंत्यांनी त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे तो अनेक देशांतल्या अभियांत्रिकी शिक्षणात वापरला गेला. त्याचे सार आपल्या भाषेत सांगावयाचे तर चार पायऱ्या आहेत. पहिली, गरज नीट ठरवणे. दुसरी, ती भागवण्याच्या वेगवेगळ्या कल्पना मांडून त्यांतली एक निवडणे. तिसरी, त्या कल्पनेला आकार देणे. चौथी, मापे, पत्र्याची जाडी, सांधे असे बारकावे ठरवणे. पायरी गाळू नये. आणि पुढे गेल्यावर चूक दिसली तर मागच्या पायरीवर यावयाला लाजू नये. कागदावरची चूक खोडरबराने पुसता येते, लोखंडातली चूक गॅस कटरने कापावी लागते.

आता आपल्याच जिल्ह्यातले काम घेऊन हे पाहू. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले, पण भाव अखेर मालावर ठरतो आणि माल बराचसा शिजवण्यावर ठरतो. कच्ची राहिली तर हळकुंड नीट वाळत नाही, ठिसूळ होते. जास्त शिजली तर रंग बिघडतो. समजा, तीन भाऊबंदांनी मिळून हळद शिजवण्याचे साधन करावयाचे ठरवले आहे.

पहिली पायरी : गरज. येथे लगेच “कुकर” हा शब्द काढू नका. आधी काम सांगा. तिन्ही घरांची मिळून ३०० क्विंटल ओली हळद निघेल आणि ती १५ दिवसांत शिजवावयाची आहे, असे धरू. म्हणजे रोज २० क्विंटल. दिवसाचे काम ८ तासांचे. एक घाणा भरून, शिजून, उतरायला पाऊण तास लागला तर दिवसाला १० घाणे होतात. म्हणजे घाणा २ क्विंटलचा हवा. पाहिलेत, शेजाऱ्याचा कुकर न पाहताच आपल्याला आकार कळला!

मग बाकीच्या गरजा लिहा आणि त्यांचे दोन भाग करा. एका बाजूला “हवेच” : हळद सारखी शिजली पाहिजे, कोणी भाजता कामा नये, जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगळी शिजवता आली पाहिजेत. दुसऱ्या बाजूला “असल्यास बरे” : ट्रॅक्टरमागे जोडून दुसऱ्या मळ्यात नेता यावे, जळण कमी लागावे. ही यादी पुरुषांनी चावडीवर बसून करू नये. हळद भरणाऱ्या, उतरवणाऱ्या आणि वाळत घालणाऱ्या बहुतेक बायाच असतात. त्यांना विचारल्याशिवाय यादी पुरी झाली असे समजू नका.

वापरणाऱ्याच्या मनात काय आहे हेसुद्धा यादीत यावे लागते. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते अशी समजूत होती. पहिले सहा नांगर खपावयाला दोन वर्षे गेली असे सांगतात. पुढे त्याच नांगराने त्यांचे नाव घरोघर पोचवले. नांगर लोखंडाचा होता, पण अडचण शेतकऱ्याच्या मनात होती. तीही सोडवणे योजकाचेच काम.

दुसरी पायरी : कल्पना. मोठ्या कामाचे लहान तुकडे करा. पाणी तापवणे, उष्णता हळदीपर्यंत नेणे, हळद धरून ठेवणे, भरणे-उतरवणे आणि जादा वाफ सोडणे. प्रत्येक तुकड्यापुढे दोन-तीन उपाय लिहा. हळद पाण्यात बुडवून शिजवावी की वाफेवर? एक मोठे भांडे की दोन ड्रम आळीपाळीने? घमेल्याने काढावी की ड्रमच कलता करावा? मग उपायांच्या जोड्या लावून पाहा. पहिलीच कल्पना पक्की करू नका. तीन तरी मांडा आणि यादीशी ताडून पाहा.

ताडताना थोडे शास्त्र कामी येते. एक किलो पाण्याला आधण येईपर्यंत जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्याच पाण्याची पुरी वाफ व्हावयाला लागते. म्हणजे उघड्या काहिलीतून वाफ उडते, तेव्हा तुमचे जळणच आकाशात जाते. वाफेच्या पद्धतीत काहीलभर पाणी उकळावे लागत नाही. टाकीतली वाफ नळीने ड्रममध्ये जाते आणि हळदीला लागून तिथेच आपली उष्णता देते. दोन ड्रम असले तर एक शिजेपर्यंत दुसरा उतरवून भरता येतो. आपल्या यादीला हीच जोडी बसते.

तिसरी पायरी : आकार. आता चित्र काढा. शाळकरी मुलाला पेन्सिल द्या, तो आनंदाने काढील. भट्टीचे तोंड एकीकडे आणि ड्रम दुसरीकडे ठेवा, म्हणजे जळण घालणारा व हळद भरणारी एकमेकांच्या आड येणार नाहीत. त्या बाजूचा वारा बहुधा कुठून येतो ते पाहून धुराडे ठेवा. २ क्विंटलचा ड्रम हाताने उचलावयाचा नाही. तो मधोमध आडव्या दांड्यावर बसवून कलता करता आला पाहिजे, आणि भरलेला असताना आपोआप कलू नये म्हणून त्याला खीळ हवी. ड्रमचे तोंड घरातल्या सर्वांत ठेंगण्या बाईच्या कमरेच्या वर फारसे जाऊ नये. ती उंची काठीवर खूण करून न्या. (आजी, तुमची आठवण ठेवली आहे!)

चौथी पायरी : बारकावे. येथे मी हात जोडून सांगतो, वाफेशी खेळू नका. दर चौरस सेंटिमीटरला फक्त एक किलो दाब झाला, तरी दोन फूट व्यासाच्या झाकणावर सुमारे २९ क्विंटलचा रेटा येतो. एवढा रेटा सुटला की झाकण तोफेच्या गोळ्यासारखे जाते. हळद शिजवावयाला ड्रममध्ये दाब लागत नाही, नुसती वाफ लागते. म्हणून ड्रमचे झाकण आवळून बंद करू नका. वाफेला बाहेर पडावयाची वाट ठेवा. ड्रम, चौकट, चाके गावच्या वर्कशॉपमध्ये करून घ्या. वाफेची टाकी मात्र जाणत्या कारखानदाराकडून, तपासणीच्या कागदासह घ्या. तिला सेफ्टी व्हॉल्व्ह, दाब दाखवणारे घड्याळ आणि पाण्याची पातळी दाखवणारी काच, ही तिन्ही हवीत. पैसे वाचवण्यासाठी यांतले एकही गाळू नका. बैल गेला आणि झोपा केला, असे येथे तरी होऊ देऊ नका. रसायनाची जुनी पिंपे हळदीसाठी वापरू नका, हेही ध्यानात ठेवा.

साधन तयार झाले की लगेच ३०० क्विंटल त्यावर टाकू नका. आधी रिकामे ड्रम लावून वाफ सोडा, सांधे पाहा. मग अर्धा ड्रम भरून पाहा. ड्रमच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरांतले हळकुंड काढून त्यात काडी टोचा. तिन्ही ठिकाणी सहज आरपार गेली तर वाफ सारखी पोचते आहे. वरचे कच्चे निघाले तर नळीला भोके कमी आहेत किंवा ती चुकीच्या जागी आहेत. घाण्याला किती मिनिटे लागली, जळण किती गेले, कोणाला कुठे चटका बसला, सारे वहीत लिहा. ती वही म्हणजे पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीचा नकाशा होय.

हीच रीत पेरणी यंत्राला, कडबा कटरला, गव्हाणीला, परसातल्या चुलीलाही लागू आहे. कागद तयार झाला की तो कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात दाखवा. पैसे वर्कशॉपमध्ये मोजण्याआधी दाखवा, नंतर नव्हे.

तर मंडळी, आज रात्री जेवणे उरकली की घरातल्या सर्वांना बोलवा, मुलाची वही मागून घ्या आणि वर एकच ओळ लिहा : “हे अवजार कोण चालवणार?” उत्तरात जिचे नाव येईल, तिला पहिल्यांदा बोलू द्या.