शनिवारचे कोडे आणि मैदानावरची काठी

शाळेचे खगोल मंडळ म्हटले की दुर्बिणीभोवती जमलेली मुले आणि शनीची कडी, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. त्या दर्शनाचा आनंद मोठा असतो, यात शंका नाही. परंतु दुर्बीण वर्षातून मोजक्याच रात्री बाहेर निघते. इंदुरात पावसाळ्यात आकाश झाकोळलेले असते आणि एरवी शहराचे दिवे मंद तारे गिळून टाकतात. मग मंडळ वर्षभर चालते ते कशाच्या बळावर? या कामाशी संबंध असलेला शिक्षक म्हणून माझे उत्तर असे की, दर शनिवारी फळ्यावर लिहिल्या जाणाऱ्या एका कोड्याच्या बळावर.

कोड्याचा नियम एकच. उत्तर पुढच्या शनिवारी द्यावयाचे, आणि सोबत वहीतील नोंद दाखवावयाची : दिनांक, वेळ, जागा व मोजमाप. ‘पुस्तकात असे दिले आहे’ हे उत्तर धरले जात नाही. आज खिशातला फोन कोणत्याही प्रश्नाचे उत्तर क्षणात देतो. म्हणून तर हा नियम पूर्वीपेक्षा अधिक अगत्याचा झाला आहे.

वर्षारंभीचे कोडे साधे असते : दुपारी बारा वाजता सूर्य माथ्यावर येतो काय? एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावयाची आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करावयाची. सर्वांत आखूड सावली ज्या क्षणी पडते, तो खरा मध्यान्ह. इंदुरात तो सरासरीने १२ वाजून २७ मिनिटांनी येतो. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवितात. इंदूर सुमारे ७५.९ अंशांवर आहे. एका अंशास चार मिनिटे, या हिशेबाने फरक उलगडतो. पण चिकाटीने वर्षभर नोंदी करणाऱ्यास पुढे आणखी एक गोष्ट आढळते. नोव्हेंबरच्या आरंभी मध्यान्ह १२ वाजून १० मिनिटांनीच होतो, तर फेब्रुवारीच्या मध्याच्या सुमारास १२ वाजून ४१ मिनिटांनी. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, या दोन कारणांचा हा परिणाम होय.

दुसरे कोडे आपल्या घरांतूनच आले आहे. संकष्टीच्या दिवशी मुंबईसाठी छापलेली चंद्रोदयाची वेळ इंदुरास का जुळत नाही? इंदूर मुंबईच्या सुमारे तीन अंश पूर्वेस असल्याने येथे चंद्र साधारणतः १२ मिनिटे आधी उगवतो. शिवाय इंदूर अधिक उत्तरेस आहे. त्यामुळे चंद्र आकाशात उत्तरेकडे असेल त्या महिन्यात हा फरक वाढतो, दक्षिणेकडे असेल तेव्हा घटतो. क्षितिज इमारतींनी अडलेले असल्यामुळे निरीक्षणासाठी उंच गच्ची शोधावी लागते. उपास सोडण्यासाठी आजी चंद्राची वाट पाहत असते आणि नातू हातात घड्याळ घेऊन. दोघांचेही लक्ष त्या रात्री एकाच दिशेला लागलेले असते.

तिसरे कोडे सुट्टीपूर्वी दिले जाते : आपल्या गावी भर दुपारी सावली नाहीशी होते काय? कर्कवृत्त साडेतेवीस अंशांच्या किंचित अलीकडे आहे. इंदूर २२.७ अंशांवर, म्हणजे त्याच्या दक्षिणेस. म्हणून येथे वर्षातून दोनदा, ६ जून आणि ६ जुलै या तारखांच्या आसपास, मध्यान्ही काठीची सावली तिच्या पायथ्याशी लुप्त होते. मधल्या महिन्याभरात मध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेकडे पडते. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने तेथे २१ जूनलाही मीटरभर काठीची सुमारे पाच सें.मी. सावली उरतेच. जुलैत ढग आडवे येतात, तेव्हा जूनमध्येच अंगणात काठी रोवणे शहाणपणाचे.

या अभ्यासाची पारख करण्यास आम्हांला पंचावन्न किलोमीटरांवर उज्जैनची वेधशाळा लाभली आहे. अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने ती उभारली आणि १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. तेथील नाडीवलय यंत्रास उत्तर व दक्षिण अशी दोन मुखे आहेत. दोन कशासाठी? सूर्य सहा महिने विषुववृत्ताच्या उत्तरेस आणि सहा महिने दक्षिणेस असतो, म्हणून. ज्याने काठीची सावली मोजली आहे, त्या विद्यार्थ्यास हे उत्तर कोणी सांगावे लागत नाही.

मंडळातील सारी मुले खगोलशास्त्रज्ञ होणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु ‘सूर्य बाराला माथ्यावर येतो’ यासारखे सर्वमान्य विधान ज्याने स्वतः पडताळून पाहिले, तो इतर विधानांनाही ‘हे कोणी मोजले? कसे मोजले?’ असे विनयाने विचारू लागतो. ही सवय शाळेने लावावयाची. इतर कोणी ती लावील, याचा भरवसा धरता येत नाही.

शेवटी, दूरदूरच्या माजी विद्यार्थ्यांसाठी एक कोडे. ग्वाल्हेर आणि हैदराबाद ही शहरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत आणि त्यांच्यातील सरळ अंतर सुमारे ९८० कि.मी. आहे. मार्चमधील विषुवदिनी दोन्हीकडे मीटरभर काठीची सर्वांत आखूड सावली मोजावी. ग्वाल्हेरला ती सुमारे ४९ सें.मी. भरेल, हैदराबादेस ३१. या दोन आकड्यांवरून पृथ्वीचा परीघ किती निघतो? इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनीसने इजिप्तमध्ये याच युक्तीने तो काढला होता. उत्तरे शाळेच्या पत्त्यावर पाठवावीत. नियम आपणांसही तोच : सोबत नोंद हवी.